गावात पोरींचा कबड्डी संघ उभा करताना

विदर्भातल्या गावात पोरींचा कबड्डी संघ पहिल्यांदाच उभा करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही झेडपी शाळेतल्या मॅडम असाल, आशाताई असाल, बचत गटाच्या सचिव असाल, नाहीतर बी.पी.एड. करून गावी परतलेली मुलगी असाल. तुम्हाला स्वतःला कबड्डी येत नसली तरी काही अडत नाही. खेळ शिकवणारं कुणी ना कुणी मिळतं. पोरींना मैदानापर्यंत आणणारं माणूस मात्र सहसा मिळत नाही, आणि नेमकं तेच काम तुम्ही हाती घेता आहात.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगते. गावातल्या ज्या पोरीला खेळायला येणं सगळ्यात अवघड आहे, तिच्या सोयीनं वेळ ठरवा, जागा ठरवा, कपडे ठरवा. मास्तरांची मुलगी सकाळी सहाला बोलावलं तरी येईल आणि संध्याकाळी सहाला बोलावलं तरी येईल. जी सकाळी मायबरोबर निंदायला जाते आणि दिवस बुडताना चूल पेटवते, तिच्याजवळ दिवसातला एखादाच मोकळा तास असतो. तो तास सापडला की बाकीच्या सगळ्या त्यात मावतात. उलटं केलं तर मैदानावर एकाच गल्लीतल्या पोरी दिसतात आणि गाव म्हणतं, बाकीच्यांना आवडच नाही.

कबड्डीच का, तर तिला विकत काहीच आणावं लागत नाही. खो-खोही आपलाच खेळ, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, तेव्हापासून गावोगावच्या पोरींना त्याची ओढही आहे. पण त्याला २७ बाय १६ मीटरचं मैदान, दोन खांब आणि एका बाजूला नऊ जणी लागतात. लहान गावात सुरुवातीला चौदा पोरी जमवतानाच दमछाक होते. कबड्डीत सात विरुद्ध सात, आणि सरावाला तर चार विरुद्ध चारही चालतात.

आधी वही घेऊन गाव फिरा

मैदान आखण्याच्या आधी वस्त्यांची यादी करा. गावठाण, बौद्ध वस्ती, तांडा, पोड, टोला, पारधी बेडा, जे काही तुमच्या गावात असेल ते. प्रत्येक वस्तीत दहा ते बावीस वर्षांच्या मुली किती, शाळेत कोण जाते, शाळा कुणी सोडली, धाकट्या भावंडांना कोण सांभाळते, मजुरीला कोण जाते, हे लिहून काढा. शाळेच्या हजेरीपटावरून यादी केली तर शाळा सुटलेल्या पोरी तुमच्या वहीत येणारच नाहीत. त्यांच्यासाठी आशाताई आणि अंगणवाडी ताईंना बरोबर घ्या. कोणतं घर कुठं आहे आणि त्या घरात कुणाचं चालतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मग कामाचं वर्ष मांडा. कापसाच्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा या भागांत, दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगणी असते आणि दिवाळीपासून वेचणी सुरू होते. वेचणीच्या दिवसांत पोरी पहाटेच वावरात असतात. धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. जंगलाकाठच्या गावांत मार्च-एप्रिलला उजाडायच्या आत मोहफुलं वेचायला जायचं आणि त्यानंतर तेंदूपत्ता. या दिवसांत सराव ठेवला तर मजूर घरातल्या पोरी गळतात, आणि त्या आळशी आहेत असा शिक्का बसतो.

माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात चांगला काळ संक्रांतीनंतरचा. वेचणी ओसरलेली असते, थंडी असते, माती कोरडी असते, आणि ऊन चढायला वेळ असतो. जानेवारीत सुरू केलेला संघ शाळा उघडून पावसाळी स्पर्धा लागेपर्यंत उभा राहतो.

घरी जाऊन बोला

चिठ्ठी पाठवून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागत नाही. घरी जायचं, ओसरीवर बसायचं, चहा दिला तर प्यायचा. ज्या वस्तीतला चहा तुमच्या घरचे पीत नाहीत, तिथं तर आवर्जून प्यायचा. तिथली माणसं ते बघत असतात.

“पोट्टीले खेळवून कायले?” हा प्रश्न येईल. “हातपाय मोडला तं लग्नाचं कसं?” हाही येईल. यावर भाषण देऊ नका. इजा होऊ शकते हे कबूल करा आणि ती होऊ नये म्हणून काय करणार ते सांगा: मऊ माती, पडायला शिकवणं, पहिले दोन आठवडे पकड नाही. संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, ही मायची खरी काळजी असते. तिथं घासाघीस करा. आठवड्यातून तीन दिवस, रोज एक तास, साडेसहाला घरी. बोललेली वेळ पाळलीत तर दुसऱ्या महिन्यात चौथा दिवस मागता येतो.

नोकरीचं आमिष दाखवू नका. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला गुणांची सवलत आहे, हे खरं आहे आणि सांगावंच. २०१२ मध्ये पाटण्याला भारतीय महिलांनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा संघातल्या महाराष्ट्राच्या तिघींना, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के यांना, राज्य सरकारनं प्रत्येकी एक कोटी रुपये दिले होते. हेही सांगा. पण त्या आरक्षणाला ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते आणि तिथवर फार थोड्या पोचतात, हे त्याच दमात सांगा. बापाला खोटी आशा लावली तर दुसऱ्या वर्षी तोच पोरीला घरी बसवतो.

आयांना मैदानावर आणणं हा सगळ्यात चालणारा उपाय आहे. संक्रांतीच्या दिवसांत बायकांचे कबड्डीचे खेळ ठेवा. एक सूचना मनापासून करते. त्या कार्यक्रमाला हळदीकुंकवाचं नाव देऊ नका. आपल्या भागात शेतकरी आत्महत्येनं उघड्या पडलेल्या किती घरांत तरुण विधवा आहेत, आणि हळदीकुंकू म्हटलं की त्या दाराआडच राहतात. नुसतं ‘बायकांचा खेळ’ म्हणा आणि त्यांच्या घरी आधी बोलावणं पाठवा. पदर खोचून खेळलेली माय पोरीला खेळू नको म्हणत नाही.

जागा कुणाची, याचा नीट विचार करा

मारुतीच्या देवळापुढची जागा सपाट असते, तिथं दिवाही असतो. पण तिथं सगळ्या वस्त्यांतल्या पोरी मोकळेपणानं येतील का, हे स्वतःला विचारा. बुद्धविहाराच्या अंगणात उलटा अडथळा येतो, गावठाणातले बाप पोरी पाठवत नाहीत. दोन्हीकडच्या लोकांना विचारलं तर कुणीच नाही म्हणत नाही, नुसत्या पोरी येत नाहीत. म्हणून शाळेचं मैदान बरं. ते सगळ्यांचं असतं, शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेला मैदान असायलाच हवं, आणि तिथं संडास असतो. संडास नसलेल्या जागी वयात आलेली पोरगी तासभर थांबत नाही. संडासाला कुलूप असेल तर किल्ली शाळेतून लेखी मागून घ्या. शाळेची जागा नसेल तर आखर (गावाची गुरं गोळा होतात ती मोकळी जागा) किंवा गावाजवळची ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन पाहा, पण तिथं जायचा रस्ता दारूच्या गुत्त्यावरून नको आणि अंधाऱ्या पांदणीतूनही नको.

मुलांची क्रिकेटची खेळपट्टी त्याच मैदानात असणार. तिथं भांडण ओढवून घेऊ नका, पण मागं सरूही नका. दिवस आणि तास वाटून घ्या आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या. ठराव नसेल तर पहिल्याच टेनिस बॉल स्पर्धेला पोरींची जागा जाते.

पुढचा ठराव ग्रामसभेचा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. बचत गटाच्या बायका घेऊन तुम्ही ती खरी भरवा, आणि मुलींच्या मैदानाचा विषय तिथं मांडून ग्रामसभेकडे पाठवा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. सतरंज्या आणि शिलाई मशीन यांतच तो संपतो. त्यातून मैदानाची माती, एक दिवा आणि प्रथमोपचार पेटी होऊ शकते. निम्म्या जागा महिलांना राखीव असल्यामुळे सरपंचताई असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांच्याशी त्यांच्या घरी बोला, यजमान ऑफिसात बसून उत्तर देणार असतील तरीही.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदानाचीही चौकशी करून ठेवा. तो कागदपत्रांचा लांबचा रस्ता आहे. त्याच्यावर विसंबून सराव थांबवू नका.

मैदान आखणं

महिलांचं कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. मधोमध मध्यरेषा, म्हणजे प्रत्येक बाजूला ६ मीटरचं अंगण. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा (चढाईत निदान एवढी तरी ओलांडायची), तिच्यामागं १ मीटरवर बोनस रेषा (ही ओलांडली तर जादा गुण). दोन्ही लांब कडांना आतून १ मीटरची राखीव पट्टी, म्हणजे लॉबी. झटापट झाल्याशिवाय त्या पट्टीत पाय टाकला की खेळाडू बाद. कोपरे काटकोनात आले की नाही हे बघायला दोरीनं कर्ण मोजा. दोन्ही कर्ण १४.४२ मीटर भरले की मैदान चौकोनी आलं.

आपली काळी माती मैदानाला वाईट. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि भेगेत पाय अडकला की घोटा गेलाच. वरचा वीतभर थर उकरून खडे, काचा, बाभळीचे काटे चाळणीनं काढा. लाल माती मिळत असेल तर ती टाका, आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा मिसळा, पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्या आणि सकाळी वरवर मोकळी करा. हाताची बोटं सहज रुतली पाहिजेत. रेषांना चुना वापरू नका. पकडीत तोंड मातीत जातं आणि चुना डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. रांगोळी वापरा, किंवा खाटेची नवार ताणून तिची टोकं जमिनीत गाडून टाका.

आरोग्याची चौकशी सरावाआधीच

हा भाग घाईनं वाचू नका. विदर्भात सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तर मोठ्या प्रमाणावर, आणि शहरात छापलेल्या खेळाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख नसतो. सराव सुरू करण्याआधी सगळ्या पोरींची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. ती फुकट होते आणि पहिल्या चाचणीला बोटातला रक्ताचा थेंब पुरतो. सिकलसेलचा आजार असलेल्या पोरीला अतिश्रम, उन्हाचा ताण, पाणी कमी पडणं, एकदम थंडी यांनी असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. तिनं किती आणि काय खेळायचं हे डॉक्टर ठरवतील. तिला घरी पाठवू नका. पंचगिरी आणि गुणलेखन ही कामं संघाला लागतातच. वाहक मुली, म्हणजे ज्यांना स्वतःला आजार नाही पण तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो त्या, साधारणपणे सगळं खेळू शकतात, पण भर उन्हात, तहानलेल्या अवस्थेत त्यांना धावायला लावणं धोक्याचं आहे. आणि तपासणीचा निकाल कुणाचाही असो, तो चारचौघांत वाचायचा नाही. लग्न जुळवताना लोक त्याचा वापर करतात.

दुसरं, रक्त कमी असणं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. पोरगी दोन चढायांत धापा टाकायला लागली, पापणीची आतली बाजू फिकी दिसली, तर तिला जास्त पळवून दम वाढत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायला लावा, चहाबरोबर नाही. सिकलसेलच्या रुग्णांनी मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सरावानंतर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा द्या, हंगामात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. घरी सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या पोरीला ही मूठ फार मोठी असते.

पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे जिचं तिनं ठरवावं. मैदानावर एका पेटीत पॅड ठेवा, जिला लागेल तिनं न विचारता घ्यावं.

पहिला महिना

पहिले दोन आठवडे पकड शिकवू नका. दम घुमवणं, वळताना पाय न घसरू देणं, आणि पडणं. पडताना हात सरळ टेकला की मनगट किंवा कोपर जातं, म्हणून खांद्यावरून लोळायला शिकवा. यावर जितका वेळ द्याल तितका कमीच. मग जोडीनं साखळी धरून सरकणं, मग घोट्याची पकड, आणि कमरेची पकड सगळ्यात शेवटी. नियम हळूहळू सांगा: चढाई ३० सेकंदांची, समोर सहा किंवा सात जणी असतील तरच बोनस, मैदानात तीन किंवा कमी जणी उरल्या असताना पकड केली तर एक गुण जास्त, सगळा संघ बाद केला तर ‘लोण’ होतो आणि त्याचे दोन गुण.

नखं कापलेली, बांगड्या, कानातलं, नथनी, जोडवी काढलेली. विवाहित मुलींच्या मंगळसूत्राचा प्रश्न येतो. कडेला बसणाऱ्या एका वडीलधाऱ्या मावशीकडे चोरकप्प्याची पिशवी द्या, मंगळसूत्र हातोहाती घ्या आणि तसंच परत द्या. हाफपँटचा आग्रह धरू नका. सलवार, शाळेची ट्रॅकपँट, भावाचा टी-शर्ट, सगळं चालतं. पोरी स्पर्धा बघून येतात आणि मग स्वतःच मागतात.

शिकवणारा माणूस शोधताना जवळच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात जा. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं कबड्डी खेळून दाखवली होती. अशा संस्थांमधून शिकलेल्या मुली तुमच्याच तालुक्यात असतात आणि अनेकदा लग्न होऊन घरी बसलेल्या असतात. त्यांना शोधा. पुरुष प्रशिक्षक असेल तर एक बाई कायम मैदानावर हवी, पकड दाखवायची ती मुलीनं मुलीवर, एकट्या पोरीला फोन किंवा मेसेज नाही, आणि बाहेरच्यानं शूटिंग केलं तर तिथंच थांबवायचं. १०९८ हा बालकांच्या मदतीचा नंबर मैदानावर लिहून ठेवा. संघातल्या एखाद्या अल्पवयीन पोरीचं लग्न ठरलं की त्याच नंबरचा उपयोग होतो.

एक माठ

पाण्याचा माठ एकच ठेवा, पेला एकच ठेवा, आणि भरायची पाळी सगळ्या वस्त्यांतल्या पोरींची आळीपाळीनं लावा. पहिल्या आठवड्यात कुणी घरून बाटली आणायला लागली तर तिच्याशी बाजूला बोला. ऐकलं नाही तर तिच्या आईशी बोला. या मुद्द्यावर एक खेळाडू गेली तरी चालेल असं मी मानते. जोड्या लावताना शेजारणी-शेजारणी लावू नका, तांड्यावरची आणि गावठाणातली अशी लावा. कबड्डीची साखळी हात घट्ट धरल्याशिवाय होतच नाही. कर्णधार दर महिन्याला बदला, नाहीतर ते पद पाटलांच्या किंवा मास्तरांच्या घरी मुक्कामाला जातं.

गावाबाहेरचा पहिला सामना

शाळेत शिकणाऱ्या मुलींना १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी त्यांची चढण असते, आणि नोंदणी शाळेमार्फत होते. शाळा सुटलेल्यांना ते दार बंद. त्यांच्यासाठी जिल्हा कबड्डी संघटनेकडे संघाची नोंद करा. राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत विदर्भाचा संघ उर्वरित महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, त्यामुळे आपल्या मुलींना निवडीची वेगळी संधी असते. रात्रीच्या खुल्या सामन्यांची बोलावणी येतील, बक्षीसही मोठं असेल. पहिल्या वर्षी जाऊ नका. डीजे, गर्दी आणि दारू यांत एक वाईट प्रसंग घडला तर गाव संघच बंद करेल.

प्रवासाला एसटीच धरा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी डेपोत विचारा, कारण अंतिम सामना लांबतोच. पालकांची लेखी संमती, बरोबर दोन बायका, मुक्काम असेल तर खोलीला आतून कडी आहे का हे बघण्यासाठी एकजण पुढं. भाडं नाही म्हणून एकही पोरगी मागं राहू देऊ नका, आणि तिचं भाडं कुणी भरलं हे बाकीच्यांना कळू देऊ नका.

शेवटी कागद. प्रत्येकीची एक प्लास्टिकची फाइल करा: जन्माचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड किंवा टीसी, फोटो आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र. पहिल्या तिन्ही कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते आत्ताच तपासा. पोड-तांड्यावरच्या मुलींच्या कागदांत फरक हमखास निघतो आणि स्पर्धेच्या सकाळी तो दुरुस्त होत नाही. लग्न झालेल्या खेळाडूचा विवाह नोंदणी दाखला त्याच फाइलमध्ये लावा. नाहीतर माहेरच्या नावाचं प्रमाणपत्र आणि सासरच्या नावाचं आधार घेऊन ती भरतीच्या रांगेत उभी राहते आणि खेळाडूच्या जागेवरचा तिचा हक्क जातो. मूळ फाइल तिच्याकडे द्या, झेरॉक्सचा एक संच शाळेच्या कपाटात ठेवा. घराला आग लागते, पूर येतो, आणि कधी कधी सासरचे कागद देत नाहीत.